नळीतले सहा इंच

१९२१ साली बाजारात आलेल्या मूळ थॉम्पसन सबमशीनगनची नळी साडेदहा इंचांची होती. आज अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत गुन्ह्याची नोंद नसलेला प्रौढ नागरिक दुकानातून जी थॉम्पसन विकत घेऊ शकतो, तिची नळी साडेसोळा इंचांची असते. अक्रोडाच्या लाकडाचा दस्ता तोच, नळीवरचे उष्णता घालवणारे कंगोरे तेच, .४५ची जाड गोळी तीच. वरवर जाणवणारे फरक दोनच. एकदा चाप ओढला की एकच गोळी सुटते, आणि नळी सहा इंच जास्त असते. त्या सहा इंचांनी नेम फारसा सुधारत नाही. पावणेसहा-सहा किलोंची बंदूक मात्र पुढच्या बाजूला आणखी झुकते. हे लोखंड कुणा अभियंत्याने मागितलेलं नाही, ते कायद्याने घातलेलं आहे. थॉम्पसन, उझी, स्टेन, एमपी५ अशा नावाजलेल्या सबमशीनगनच्या या अर्धस्वयंचलित आवृत्त्यांना अमेरिकेत ‘क्लोन’ म्हणतात. हौशी लोक त्या घेतात, जपतात, चांदमारीच्या मैदानावर चालवतात. एखादा समाज शस्त्रांवर रेघ कुठे ओढतो आणि त्यातली कुठली रेघ टिकते, हे तपासायला या क्लोनइतका चांगला पुरावा मला दुसरा दिसत नाही. बंदूक चालते कशी, हे पाहून केलेले नियम टिकले. ती दिसते कशी, हे पाहून केलेले नियम कारखानदारांनी काही महिन्यांत निकामी केले. लांबीचा नियम या दोहोंमध्ये लटकत राहिला आहे, आणि त्याची कथा सर्वांत विचित्र आहे.

जनरल जॉन टी. थॉम्पसन यांनी ही बंदूक पहिल्या महायुद्धातल्या खंदकांसाठी आखली होती. ती तयार होईपर्यंत युद्ध संपलं. कोल्ट कंपनीने हार्टफर्डमध्ये १५,००० नग बनवून दिले आणि ते वर्षानुवर्षं गोदामात पडून राहिले, कारण लष्कराला रस नव्हता आणि दोनशे डॉलरच्या घरातली किंमत सामान्य गिऱ्हाइकाला परवडणारी नव्हती. विक्रीवर केंद्र सरकारचं बंधन मात्र जवळजवळ काहीच नव्हतं. दारूबंदीच्या काळातल्या टोळ्यांकडे पैसा होता. १४ फेब्रुवारी १९२९ रोजी शिकागोत एका गॅरेजच्या भिंतीपाशी सात माणसांना मारलं गेलं, त्यात दोन थॉम्पसन वापरल्या गेल्या. पाच वर्षांनी, जून १९३४मध्ये, ‘नॅशनल फायरआर्म्स अ‍ॅक्ट’ आला. तेव्हाच्या समजुतीनुसार थेट बंदी घालण्याचा अधिकार केंद्राकडे असल्याची खात्री नव्हती, म्हणून अ‍ॅटर्नी जनरल होमर कमिंग्ज यांनी कराचा मार्ग धरला. मशीनगन बनवताना किंवा हस्तांतरित करताना सरकारदरबारी नोंद करायची आणि दोनशे डॉलर भरायचे. म्हणजे कर बंदुकीच्या किमतीएवढा. आजच्या हिशोबाने ती रक्कम साडेचार हजार डॉलरच्या वर जाते.

नळीचा नियम याच कायद्यातला, पण त्याचं कारण पुढे हरवलं. मूळ मसुद्यात पिस्तुलं आणि रिव्हॉल्व्हरही होती. पिस्तुलांवर इतका कडक कर बसवला, तर लोक रायफलीची नळी आणि दस्ता कापून तिचंच पिस्तूल करतील, ही पळवाट बुजवायला रायफलीच्या नळीला किमान लांबी ठरवण्यात आली. मग काँग्रेसमध्ये विरोध झाला, पिस्तुलं मसुद्यातून गळाली, आणि पळवाट बुजवणारं कलम तसंच राहिलं. मर्यादा आधी अठरा इंच होती, १९६०मध्ये रायफलीसाठी ती सोळा झाली. परिणाम असा, की चार इंच नळीचं पिस्तूल साध्या तपासणीनंतर मिळतं आणि बारा इंच नळीची, पिस्तुलापेक्षा लपवायला कितीतरी अवघड अशी कार्बाइन नोंदणीशिवाय बाळगली तर दहा वर्षांपर्यंत तुरुंगवास होऊ शकतो. क्लोन थॉम्पसनच्या पुढे आलेले सहा इंच हे या अर्धवट राहिलेल्या मसुद्याचं फळ आहे.

१९८६पर्यंत खरी सबमशीनगन हवी असलेल्या अमेरिकनाला कर भरून नवी घेता येत होती. त्या वर्षी ‘फायरआर्म ओनर्स प्रोटेक्शन अ‍ॅक्ट’मध्ये न्यू जर्सीचे प्रतिनिधी विल्यम ह्यूज यांची दुरुस्ती शिरली आणि १९ मे १९८६नंतर नोंदवलेली कुठलीही मशीनगन खासगी नागरिकाला घेता येईनाशी झाली. खासगी हातांत राहू शकणाऱ्या मशीनगनचा साठा तिथेच गोठला. सुमारे पावणेदोन लाख हा साधारणपणे दिला जाणारा आकडा आहे. मागणी वाढत गेली, पुरवठा एका नगानेही वाढणार नव्हता, त्यामुळे नोंदणीकृत थॉम्पसन किंवा एमपी५ आज वीस-तीस हजार डॉलरच्या पुढेच सुरू होते. बाराशे-पंधराशे डॉलरच्या क्लोनचा धंदा या दरीतून उभा राहिला. जॉर्ज नमरिक यांनी १९५१मध्ये विकत घेतलेल्या, मूळ थॉम्पसन यांच्याच ऑटो-ऑर्डनन्स कंपनीने न्यूयॉर्क राज्यातल्या वेस्ट हर्ली इथे सत्तरच्या दशकात अर्धस्वयंचलित थॉम्पसन सुरू केली, आणि १९९९पासून ते नाव कार आर्म्सकडे आहे. उझीची सोळा इंची कार्बाइन फिलाडेल्फियाच्या अ‍ॅक्शन आर्म्सने १९८०पासून आयात केली. स्टेनच्या बाबतीत सैन्याने भंगारात काढलेल्या, कापून निकामी केलेल्या बंदुकांचे सुटे भाग विकले जातात आणि त्यांच्याभोवती नव्या नळकांड्यात नवी, अर्धस्वयंचलित यंत्रणा उभी केली जाते.

इतका खटाटोप माणसं कशासाठी करतात, हा प्रश्न भारतीय वाचकाला पडणं स्वाभाविक आहे. मारण्याच्या यंत्राचं आकर्षण म्हणजे विकृती, असं उत्तर सोपं आहे. मला ते अपुरं वाटतं. या बंदुकांमध्ये विसाव्या शतकाचा मोठा इतिहास साठलेला आहे आणि त्यातला एक तुकडा थेट आपला आहे. १० जुलै १९४४ रोजी इटलीत, टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात, पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या तिसऱ्या बटालियनमधले नाईक यशवंत घाडगे आपल्या तुकडीसह मशीनगनच्या माऱ्यात सापडले. तुकडीतले बाकीचे सगळे ठार किंवा जखमी झाले. घाडगे एकटे धावून गेले, हातबॉम्बने मशीनगन आणि ती चालवणारा संपवला, टॉमीगनने, म्हणजे याच थॉम्पसनने, आणखी एकाला टिपलं; मॅगझिन बदलायला वेळ नव्हता, तेव्हा तीच बंदूक नळीकडून धरून उरलेल्या दोघांवर घातली. लगेच ते स्नायपरच्या गोळ्यांना बळी पडले. रायगड जिल्ह्यातल्या पळसगावच्या या बावीस वर्षांच्या जवानाला मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. माणगावला त्यांचा पुतळा आहे. पुढच्या वर्षी, ९ एप्रिल १९४५ला, सेनिओ नदीवर नगर जिल्ह्यातल्या निमजचे शिपाई नामदेव जाधव यांनी जखमी साथीदारांना पाण्यातून आणि सुरुंगांतून सुरक्षित नेलं आणि मग एकट्याने मशीनगनचे मोर्चे मोडले, पहिला टॉमीगनने आणि हाताला गोळी लागून ती टाकावी लागल्यावर पुढचे हातबॉम्बने. दुसऱ्या महायुद्धात मराठा पलटणीला मिळालेल्या दोन्ही व्हिक्टोरिया क्रॉसच्या मानपत्रांत हे एकच हत्यार आहे. पाच-सहा किलोंची ती बंदूक उचलून पाहिल्यावर घाडग्यांनी ती दांडक्यासारखी फिरवली म्हणजे काय केलं, याचा अंदाज हाताला येतो. वस्तूतून इतिहास असा कळतो, आणि ज्याला तो तसा जाणून घ्यायचा आहे त्याची इच्छा मी हीन मानत नाही.

वजन आणि ठेवण क्लोनमध्ये मिळते. चालवण्याचा अनुभव मात्र सगळा मिळत नाही, आणि याचं कारण कायद्याच्या सर्वांत शहाण्या भागात आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या पिढीतल्या बहुतेक सबमशीनगन उघड्या बोल्टवर चालतात. बंदूक तयार असते तेव्हा जड बोल्ट मागे अडकलेला असतो, चाप ओढला की तो पुढे झेपावतो, मॅगझिनमधली गोळी ओढून नळीत घालतो आणि त्याच धडकेत ती उडवतो. रचना स्वस्त, भाग थोडे. म्हणूनच १९४१मध्ये एनफिल्डला आखलेली स्टेन इंग्लंडला लाखांनी काढता आली. पण गोळी सुटण्याआधीच अर्ध्या-पाऊण किलोचं लोखंड पुढे धावत असल्यामुळे पहिल्या गोळीचा नेम हलतो. आणि कायद्याच्या दृष्टीने महत्त्वाचं म्हणजे, अशा बंदुकीला एका वेळी एकच गोळी सोडायला लावणारा भाग निघाला की ती आपोआप मशीनगन होते. सुरुवातीचे काही क्लोन याच तत्त्वावर होते. १९८२-८३मध्ये एटीएफने, म्हणजे शस्त्रपरवान्यांवर देखरेख करणाऱ्या अमेरिकी खात्याने, एकामागून एक निर्णय देऊन उघड्या बोल्टवरच्या अशा नव्या बंदुका मशीनगनच्याच व्याख्येत टाकल्या; त्यात मॅक या सबमशीनगनच्या धाटणीची एसएम१० होती, केजी-९ होती आणि एका स्टेनचा क्लोनही होता. तेव्हापासून क्लोनमध्ये बोल्ट आधी बंद होतो आणि वेगळा हातोडा किंवा स्ट्रायकर गोळी उडवतो. मूळ स्वयंचलित भाग त्यात बसू नयेत अशीच आतली रचना असावी लागते. बाहेरून उझी, आतून दुसरंच यंत्र. परिणामी नेम सुधारला, चाप काहीसा जड झाला आणि ती धडक गेली. चाळीस वर्षांत ही रेघ कारखानदारांना नाव किंवा आकार बदलून ओलांडता आलेली नाही, कारण ती यंत्राच्या गतीवर ओढलेली होती.

एमपी५ची गोष्ट वेगळी आहे, आणि ती सर्वांत जास्त क्लोन होण्याचं कारणही तेच आहे. ओबर्नडॉर्फच्या हेकलर अँड कॉखने साठच्या दशकात ती मुळातच बंद बोल्टवर बांधली. दोन छोटे रोलर बोल्टला क्षणभर रोखून धरतात, म्हणून ९ मि.मी.चा धक्का खांद्याला मऊ लागतो आणि पहिली गोळी जागेवर जाते. ५ मे १९८० रोजी लंडनच्या इराणी वकिलातीवर चढणारे काळ्या गणवेशातले ब्रिटिश एसएएस कमांडो दूरचित्रवाणीवर थेट दिसले आणि जगभरच्या कमांडो दलांनी ही बंदूक मागवली. आपल्या एनएसजीनेही ती घेतली. तिचे परवाने तुर्कस्तानच्या एमकेईला आणि पाकिस्तानच्या वाह इथल्या कारखान्यालाही मिळाले होते, त्यामुळे आज अमेरिकेत विकला जाणारा तुर्की एपी५ हा मूळ आराखड्यावर, परवाना घेऊन उभारलेल्या यंत्रसामग्रीवर बनतो. त्याला नक्कल म्हणणंही तितकंसं बरोबर नाही. स्वतः हेकलर अँड कॉखने २०१९मध्ये एसपी५ आणली. ती जवळपास दुप्पट महाग आहे. इथे नागरिकाच्या आणि पोलिसाच्या बंदुकीतला मुख्य फरक आतल्या चापाच्या संचाचा आहे, आणि मला तो योग्य जागी पडलेला वाटतो.

आता दिसण्यावरून केलेले नियम पाहू. जानेवारी १९८९मध्ये कॅलिफोर्नियातल्या स्टॉकटनच्या शाळेत पाच मुलं मारली गेली. संताप खरा होता आणि काहीतरी करणं भाग होतं. केंद्राने ‘खेळासाठी उपयुक्त’ नसलेल्या लष्करी धाटणीच्या रायफलींची आयात थांबवली. एमपी५ची सोळा इंची नागरी आवृत्ती, एचके९४, त्यात बंद झाली. कंपनीने त्याच वर्षी एसपी८९ आणली: तेच यंत्र, दस्ता काढलेला, नळी साडेचार इंचांची, आणि कागदोपत्री ‘पिस्तूल’. म्हणजे आयातबंदीने लपवायला अवघड बंदूक घालवून लपवायला सोपी बंदूक आणली. टेक-९चा प्रवास याहून वाईट. स्वीडनच्या इंटरडायनॅमिक कंपनीची ही मुळात एक न खपलेली सबमशीनगन. अमेरिकेत ती केजी-९ झाली, एटीएफने उघडा बोल्ट काढायला लावल्यावर टेक-९ झाली. कॅलिफोर्नियाने १९८९च्या कायद्यात तिचं नाव लिहून बंदी घातली, तर निर्मात्याने तीच बंदूक किरकोळ फेरफाराने टेक-डीसी९ म्हणून काढली. १ जुलै १९९३ला सॅन फ्रान्सिस्कोच्या १०१ कॅलिफोर्निया स्ट्रीट या इमारतीत आठ जणांचा जीव घेताना खुन्याकडे टेक-डीसी९च होत्या. १९९४च्या केंद्रीय कायद्याने पुन्हा नावांची आणि लक्षणांची यादी केली: नळीच्या टोकाला आटे, नळीभोवती जाळीचं आवरण, मुठीबाहेर मॅगझिन. निर्मात्याने आटे आणि आवरण काढून एबी-१० विकायला घेतली. २००४मध्ये तो कायदा मुदत संपून गेला. त्यात एकच कलम यंत्राच्या कामाला हात घालणारं होतं, दहाहून जास्त गोळ्यांच्या नव्या मॅगझिनवरची बंदी, आणि त्यावर गंभीर चर्चा व्हायला हवी होती. पण आटे आणि आवरणं यांच्याच वादात दहा वर्षं गेली.

यावर पहिला आक्षेप सरळ आहे आणि तो टाळता येत नाही: टेक-डीसी९ तर माझ्याच कसोटीला उतरलेली बंदूक होती. बोल्ट बंद, चापाला एक गोळी. तरी माणसं मेली. हे खरं आहे. यंत्रावर ओढलेली रेघ अर्धस्वयंचलित बंदुकीने होणारा खून रोखत नाही, आणि तसा दावा कुणी करू नये. पण त्या बंदुकीचं मारकपण तिच्या सबमशीनगनसारख्या रूपात नव्हतं. एप्रिल २००७मध्ये व्हर्जिनिया टेकमध्ये बत्तीस माणसं मारली गेली ती दोन साध्या पिस्तुलांनी, ज्यांच्याकडे पाहून कुणाला काही लष्करी वाटलं नसतं. त्या खुन्याला न्यायालयाने मानसोपचारांचा आदेश दिला होता, म्हणजे त्याला बंदूक मिळायलाच नको होती. ती माहिती तपासणीच्या यंत्रणेपर्यंत पोचली नव्हती. बंदूक कुणाच्या हाती जाते, हा प्रश्न तिथे जीवघेणा ठरला. क्लोनवर रोष काढल्याने त्या प्रश्नाकडचं लक्ष कमी होतं, ही माझी खरी तक्रार आहे.

दुसरा आक्षेप रूपांतराचा. आज अमेरिकी पोलिसांची डोकेदुखी आहे ती साध्या पिस्तुलाला बसवायचे, नखाएवढे बेकायदा ‘स्विच’. ते बसले की खिशातल्या पिस्तुलाची मशीनगन होते. यावरून, यंत्राची रेघही पुसली गेली, असं म्हटलं जातं. पण तो स्विच जवळ बाळगणं हाच कायद्याने मशीनगन बाळगण्याचा गुन्हा आहे, म्हणजे रेघ जागेवर आहे आणि तिची अंमलबजावणी कमी पडते आहे. उलट कायद्याने नोंदवलेल्या मशीनगनने खून झाल्याची उदाहरणं १९३४पासून अत्यंत विरळ आहेत. जास्त टोचणारं उदाहरण बंप स्टॉकचं, म्हणजे चाप भराभर ओढला जाईल असं करणाऱ्या दस्त्याचं आहे. १ ऑक्टोबर २०१७ला लास व्हेगासमध्ये एका माणसाने हे दस्ते लावलेल्या रायफलींनी संगीत महोत्सवातल्या गर्दीवर गोळ्यांचा पाऊस पाडला. साठ बळी गेले. एटीएफने पुढच्या वर्षी बंप स्टॉकला मशीनगन ठरवलं आणि जून २०२४मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी ते रद्द केलं, कारण प्रत्येक गोळीगणिक चाप वेगळा हलतो आणि व्याख्या ‘चापाच्या एका क्रियेची’ आहे. ज्यांच्यावर गोळ्या पडल्या त्यांना या फरकाचा काय उपयोग, हा अल्पमतातल्या न्यायमूर्तींचा रोख मला पटतो. तरी यातून मला दिसतं ते व्याख्येतलं भोक. कसोटी बदलण्याची गरज दिसत नाही. बहुमताबरोबर असलेल्या न्यायमूर्ती अलिटो यांनीच लिहिलं की काँग्रेस कायदा दुरुस्त करू शकते. गोळ्यांचा वेग वाढवणारी साधनं व्याख्येत घालायची, एवढीच ती दुरुस्ती. ती झालेली नाही, आणि तो दोष निवडून आलेल्यांचा आहे.

आपल्याकडचा कायदाही अशाच दोन रेघांवर उभा आहे, हे फारसं लक्षात घेतलं जात नाही. १९५९च्या शस्त्र अधिनियमात ‘प्रतिबंधित शस्त्रा’ची व्याख्या करताना चाप दाबून ठेवला असताना मॅगझिन रिकामं होईपर्यंत गोळ्या सुटत राहणं हाच निकष आहे, आणि २०१९च्या दुरुस्तीने असं शस्त्र बेकायदा बाळगण्याची किमान शिक्षा सात वर्षांवर नेली. ही रेघ नीट आहे. पण जोडीला ‘प्रतिबंधित बोअर’ही आहे. सैन्य-पोलिसांची काडतुसं बाहेर जाऊ नयेत या जुन्या चिंतेतून ९ मि.मी., .४५, .३०३ हे बोअर सामान्य परवानाधारकाला बंद झाले, आणि म्हणून सरकारी कारखाने नागरिकांसाठी .३२चं रिव्हॉल्व्हर आणि .३१५ची रायफल बनवत आले. जिवाला .३२ आणि ९ मि.मी. यांत असा कितीसा फरक? अमेरिकेत कायद्याने नळी लांबवली, इथे गोळीचा व्यास बदलला. स्टर्लिंगवर आधारलेली जी ९ मि.मी. कार्बाइन वर्षानुवर्षं पोलिसांच्या खांद्यावर दिसत आली, तिचा अर्धस्वयंचलित क्लोन भारतात कुणाला घेता येणार नाही, आणि तशी मागणीही नाही. बंदूक मिळणं हा इथे हक्क नाही, परवाना आहे, आणि मला ती व्यवस्था आपल्या समाजाला जास्त मानवणारी वाटते. अमेरिकेतल्या मराठी माणसालाही हा फरक जपून समजून घ्यावा लागतो: ग्रीन कार्डधारकाला केंद्रीय कायद्यानुसार बंदूक घेता येते, एच-१बीसारख्या तात्पुरत्या व्हिसावर असलेल्याला शिकारीच्या परवान्यासारखा ठराविक अपवाद नसेल तर ती जवळ ठेवणंही गुन्हा ठरू शकतं.

राहिला लांबीचा नियम. २०१२पासून पिस्तुलांना मागे जोडायचा ‘ब्रेस’ मिळू लागला. अपंग माजी सैनिकाला एका हाताने नेम धरता यावा म्हणून निघालेलं ते साधन हजारो लोक खांद्याला दस्त्यासारखं टेकवू लागले आणि आखूड नळीचे एमपी५ क्लोन ‘पिस्तूल’ म्हणून धडाक्याने खपले. २०२३मध्ये एटीएफने अशा बहुतेक बंदुकांना आखूड रायफली ठरवलं, २०२४मध्ये टेक्सासमधल्या न्यायालयाने तो नियम रद्द केला. मधल्या काळात लाखो माणसांना आपल्या कपाटातली वस्तू गुन्हा आहे की नाही हे सांगता येत नव्हतं. सुरक्षिततेच्या बाजूने या सगळ्याचा काय फायदा झाला, ते मला कुठेच आढळत नाही. जुलै २०२५मध्ये सही झालेल्या कायद्याने १ जानेवारी २०२६पासून आखूड रायफलींवरचा कर शून्य केला, नोंदणी मात्र ठेवली. त्यावर आता दावे दाखल झाले आहेत, कारण १९३७मध्ये सॉन्झिन्स्की खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हा कायदा वैध ठरवला तो कर बसवण्याच्या अधिकाराच्या आधारावर. करच नसेल तर नोंदणी कशाच्या बळावर, असा तो युक्तिवाद आहे. आखूड नळीपुरता तो मान्य झाला तर थॉम्पसनच्या क्लोनला तिची साडेदहा इंचांची नळी परत मिळेल आणि त्यात कुणाची सुरक्षितता गेली असं मला वाटणार नाही. मशीनगनवरचा दोनशे डॉलरचा कर त्याच कायद्याने कायम ठेवला आहे, त्यामुळे १९३४च्या कायद्याचा तो भाग जुन्या पायावर उभा राहू शकतो, आणि न्यायालयांनी या दोन गोष्टींची गल्लत होऊ देऊ नये.